उशाशी बसलेली आई

पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांचे नाव उच्चारले की आपल्या डोळ्यांपुढे काही ठरावीक चित्रे उभी राहतात. काशीविश्वनाथाचे नव्याने उभारलेले देऊळ, नर्मदेच्या काठचा महेश्वरचा घाट, पांढऱ्या लुगड्यातील ती सौम्य मूर्ती आणि तिच्या तळहातावरील शिवपिंड. ही चित्रे खरीच आहेत. त्यांना वंदन करूनच आपल्यापैकी बहुतेकांचे बालपण गेले. परंतु ह्या थोर स्त्रीच्या आयुष्यात आणखी एक प्रसंग आहे, ज्याचे चित्र कोणी कधी भिंतीवर लावले नाही. तो प्रसंग १७६७ सालच्या आरंभीचा. एकवीस-बावीस वर्षांचा तरुण मुलगा भ्रमिष्ट होऊन बिछान्यावर पडला आहे. मध्येच काहीबाही बरळतो आहे. आणि उशाशी त्याची विधवा आई रात्रंदिवस बसून आहे. तो मुलगा म्हणजे होळकरांच्या दौलतीचा धनी मालेराव, आणि ती आई म्हणजे अहिल्याबाई.

सणासुदीच्या दिवसांत असा विषय कशाला, असे एखाद्या वाचकाच्या मनात येईल. त्याचे उत्तर सरळ आहे. ज्या घरात एखाद्या मुलाचे मन दुखावलेले आहे, त्या घरातही दिवाळी येतेच. फक्त त्या घराचे दार ह्या चार दिवसांत अर्धवट लोटलेले असते. आणि त्या दाराआड बसलेल्या आईबापांना आपल्या समाजाने गेल्या अडीचशे वर्षांत काय काय ऐकवले, ह्याचा इतिहास मोठा शिकण्याजोगा आहे.

आधी मालेरावाची हकीकत पाहू. मल्हारराव होळकरांचा एकुलता एक पुत्र खंडेराव १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून पडला. अहिल्याबाई तेव्हा अवघ्या अठ्ठावीस वर्षांच्या. त्या सती जाण्यास निघाल्या असता वृद्ध सासऱ्याने डोळ्यांत पाणी आणून त्यांना मागे फिरविले, ही कथा सर्वश्रुत आहे. मागे दोन मुले होती. थोरला मालेराव नऊ वर्षांचा, धाकटी मुक्ताबाई त्याहून लहान. २० मे १७६६ रोजी आलमपूर येथे मल्हाररावांनी देह ठेवला आणि त्याच वर्षी नातू मालेराव ह्यास पेशव्यांकडून सुभेदारीची वस्त्रे मिळाली. पुढे दहा महिनेही लोटले नाहीत तोच मालेरावाचा अंत झाला.

ह्या थोड्या महिन्यांत काय घडले ते सर जॉन माल्कम ह्याने नोंदवून ठेवले आहे. माल्कम हा १८१८ नंतर माळव्याचा कारभार पाहणारा इंग्रज सेनानी. मध्य हिंदुस्थानाविषयीचा त्याचा ग्रंथ १८२३ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे ही हकीकत त्याने पन्नास वर्षांनंतर, वृद्धांच्या तोंडून ऐकलेली. तेव्हा ती त्या बेताने घ्यावयाची. तो सांगतो की मालेरावाची वृत्ती पहिल्यापासूनच अस्थिर होती. सत्ता हाती आल्यावर ती पार ढळली. आई ज्या ब्राह्मणांना दानधर्म करी, त्यांचा हा मुलगा छळ मांडी. वस्त्रांत आणि जोड्यांत विंचू घालून ती त्यांना देई. पैशांनी भरलेल्या घागरीत विषारी जीव सोडून ‘हवे तेवढे घ्या’ म्हणे. दंश झालेल्या त्या माणसांकडे पाहून आई रडे, आणि पोराला काय झाले आहे हे तिला उमगत नसे. पुढे एका कशिदा काढणाऱ्या कारागिराविषयी त्याच्या मनात संशय शिरला. आपल्या घरातील एका बाईशी त्याचे संधान आहे, अशा समजुतीने मालेरावाने त्याचा जीव घेतला. माणूस निरपराध होता, हे मागाहून कळले. त्या पश्चात्तापाने मालेरावाचे उरलेसुरले भानही गेले.

मग ते आजारपण. मेलेल्याच्या भुताने धन्याला झपाटले, असे सर्वांनी ठरविले. अहिल्याबाई त्याच्या बिछान्यापासून हलल्या नाहीत. आपल्या मुलाच्या तोंडून तो मृत कारागीरच बोलतो आहे, अशा श्रद्धेने त्या त्याच्याशी बोलत. तुझे देऊळ बांधते, तुझ्या घरच्यांना जहागीर देते, पण माझ्या पोराला सोड, अशी विनवणी करीत. उत्तर येई की मी निरपराध असता ह्याने मला मारले, मी ह्याचा जीव घेतल्याशिवाय राहणार नाही. मालेराव गेला. 

ही कथा वाचून आजच्या एखाद्या डॉक्टरने मालेरावाला रोगाचे नाव देऊन मोकळे व्हावे, हे योग्य होणार नाही. अडीचशे वर्षांपूर्वीच्या रोग्याची नाडी कागदावरून पाहता येत नाही. तरी दोन गोष्टी नजरेत भरतात. एक म्हणजे त्याचे वय. ज्याला आज बायपोलर किंवा द्विध्रुवीय विकार म्हणतात, ज्यात माणूस काही काळ उन्मादाच्या शिखरावर आणि काही काळ विषादाच्या दरीत असतो, तो विकार बहुधा किशोरावस्थेच्या अखेरीस किंवा विशी-पंचविशीत डोके वर काढतो. इतर मोठे मनोविकारही ह्याच वयात सुरू होतात. लिहून-वाचून तयार झालेला, हाताशी आलेला मुलगा ह्याच उंबरठ्यावर अडखळतो. म्हणून आईबापांना तो घाव अधिक लागतो. दुसरी गोष्ट अशी की मुलगा क्रूर आहे की आजारी आहे, हे त्या आईला कळत नव्हते. हे न कळणे हाच अशा घरांतील सर्वांत मोठा छळ असतो. उधळेपणा, उद्धटपणा, रात्र रात्र जागणे, भलतीच स्वप्ने, मग महिना महिना अंथरुणात तोंड खुपसून पडणे, ह्यांतले स्वभाव किती आणि रोग किती? लाड कमी करावेत की दवा द्यावी? मालेरावाच्या आईपाशी ह्या प्रश्नाला एकच उत्तर होते, आणि ते भुताचे होते.

परंतु कथेचा सर्वांत बोचरा भाग पुढेच आहे. मालेराव गेल्यावर एक प्रवाद उठला. आपल्या दुर्वर्तनी मुलाला आईनेच संपविले, असा तो प्रवाद. माल्कमच्या कानांवरही तो आला. त्याने मुद्दाम चौकशी केली आणि त्यात काडीचेही तथ्य नाही, असा स्वच्छ निर्वाळा लिहून ठेवला. इंग्रज अधिकाऱ्याने हे लिहिले म्हणून आज आपल्याला माहीत तरी आहे. पण जरा विचार करावा. जिच्या न्यायाची आणि दयेची ख्याती सगळ्या हिंदुस्थानभर झाली, तीस वर्षे जिने दौलत चालविली, तिच्यावरसुद्धा पन्नास वर्षांनंतर लोक असे बोलत होते. मग मोरिवलीच्या किंवा बदलापूरच्या चाळीतील एखाद्या साध्या आईला शेजारीपाजारी काय ऐकवीत असतील?

हा दोषारोप फक्त गावगप्पांत होता असेही नाही. विसाव्या शतकात शास्त्राने त्याला पदवी बहाल केली. १९४८ साली अमेरिकेत फ्रीडा फ्रॉम-राइखमन ह्या नामांकित मनोविश्लेषक बाईंनी असा विचार मांडला की स्किझोफ्रेनिया हा रोग मुलात उत्पन्न करणारी एक विशिष्ट प्रकारची आई असते. त्या कल्पनेचा पुढे दोन-तीन दशके पगडा राहिला. किती आयांनी डॉक्टरांच्या खोलीतून स्वतःला अपराधी ठरवून बाहेर पाऊल टाकले असेल, त्याची गणती नाही. पुढच्या संशोधनाने ही कल्पना टिकू दिली नाही. बायपोलर विकारात आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा असतो, हे जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून वारंवार दिसून आले. आईने दूध कधी तोडले, बापाने किती वेळा छडी उगारली, ह्यांवर तो रोग ठरत नाही. आणि आईबापांपैकी एकाला हा विकार असला तरी बहुसंख्य मुलांना तो होत नाही, हेही तितकेच खरे आहे. तेव्हा ‘कोणाच्या रक्तातून आले’ म्हणून माहेर-सासरच्या उखाळ्यापाखाळ्या काढण्यातही अर्थ उरत नाही.

आईबापांना दोष देणे ही एक तऱ्हा झाली. दुसरी तऱ्हा म्हणजे त्यांना बाजूला सारणे. तिचेही एक उदाहरण आपल्याच इतिहासात आहे, आणि ते अधिक काळे आहे.

१८७० साली कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज विलायतेहून परतताना इटलीतील फ्लॉरेन्स शहरी मरण पावले. त्यांच्या मागे १८७१ साली भोसले कुळातील एक आठ वर्षांचा मुलगा दत्तक घेण्यात आला. तोच कोल्हापूरचा शिवाजी छत्रपती. जन्मदात्यांची कूस सुटलेली, दत्तक आईशी नाते जुळण्याआधीच इंग्रज शिक्षकांची आणि कारभाऱ्यांची देखरेख सुरू झालेली. असे ते राजेपण. पोर मोठे होऊ लागले तसे त्याचे चित्त ठिकाणावर नाही, असे सरकारी अधिकारी सांगू लागले. गोऱ्या रखवालदारांच्या ताब्यात त्याला ठेवण्यात आले. महाराज खरोखर भ्रमिष्ट आहेत की छळाने त्यांना भ्रमिष्ट केले जात आहे, ह्यावर सबंध महाराष्ट्रात खळबळ माजली. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ह्या पत्रांनी कारभारी माधवराव बर्वे ह्यांच्यावर झोड उठविली. ज्या पत्रांच्या आधारावर ती उठविली ती बनावट ठरली. बदनामीच्या खटल्यात जुलै १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर ह्यांना चार महिन्यांची शिक्षा झाली, आणि डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढून ते बाहेर आले. आगरकरांचे त्या दिवसांवरचे पुस्तक प्रसिद्धच आहे. योगायोग असा की १८८३ साली त्यांचे ‘विकारविलसित’ प्रसिद्ध झाले, आणि ते नाटक आहे शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे मराठी रूप. राजपुत्र वेडा आहे की वेडाचे सोंग करतो आहे, हाच तेथेही प्रश्न.

त्याच वर्षी २५ डिसेंबरला अहमदनगर येथे विसाव्या वर्षी महाराजांचा मृत्यू झाला. पहाऱ्यावरील ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत ते गतप्राण झाले. पुढे मार्च १८८४ मध्ये कागलकर घाटग्यांचा यशवंतराव दत्तक आला, आणि तोच राजर्षी शाहू म्हणून अजरामर झाला. त्या तेजात आधीच्या अभागी मुलाची आठवण पुसट होऊन गेली. त्याच्या चित्ताला खरोखर काय झाले होते, ह्याचा निवाडा आज कोणीही करू शकणार नाही. एवढे मात्र निश्चित की मालेरावाच्या उशाशी आई होती, आणि ह्या मुलाच्या उशाशी पगारी पहारेकरी होता. आईपाशी औषध नव्हते, ज्ञान नव्हते. भुताशी वाटाघाटी करण्यापलीकडे तिला काही येत नव्हते. तरी त्या खोलीत कोणी कोणाच्या छातीवर बसले नाही.

कोल्हापुरास जे एका राजाच्या बाबतीत झाले, त्याचीच सौम्य आवृत्ती कायद्याने रयतेसाठी आधीच काढली होती. १८५८ साली कंपनीचे राज्य जाऊन राणीचे राज्य आले, त्याच वर्षी वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा झाला. मुंबईत कुलाब्यास असे इस्पितळ आधीपासून होते. नंतर नागपूर, रत्नागिरी, येरवडा येथे इस्पितळे निघाली. आमच्या बाजूचे ठाण्याचे इस्पितळ १९०१ सालचे. १९१२ साली नवा कायदा आला. १९२० नंतरच्या काळात ‘वेड्यांचे इस्पितळ’ ही पाटी उतरून ‘मनोरुग्णालय’ अशा अर्थाची पाटी चढली. पण लोकांच्या तोंडी ‘ठाण्याला पाठवा’ ही शिवी जी बसली ती बसलीच. आम्हा मोरिवली-अंबरनाथच्या लोकांना तर ही शिवी अगदी भूगोलासकट कळते. कल्याणवरून पुढे गाडी जाऊ लागली १८५६ मध्ये, तेव्हापासून ह्या पट्ट्यातील माणसाला ठाणे हे तासाभराचे अंतर. मुलाचे बिनसले म्हणजे आधी शिलाहारांनी १०६० साली बांधलेल्या अंबरनाथाच्या शिवमंदिरात अभिषेक, मग देवर्षी, मग अंगारा, आणि सर्व थकल्यावर पहाटेची गाडी पकडून ठाणे, असा तो परिपाठ.

ह्या इस्पितळांनी काही चांगले केलेच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. रस्त्यावर दगड खाणाऱ्या माणसाला त्यांनी छप्पर दिले, दोन वेळचे अन्न दिले. परंतु त्यांची बांधणी भिंतींची होती. मुलाला आत घेतले की आईबाप फाटकाबाहेर. भेटीचा वार ठरलेला. काही महिन्यांनी भेटी विरळ होत. मग घरातल्या दुसऱ्या मुलीचे लग्न निघे, आणि स्थळाला कळू नये म्हणून भेटी बंदच होत. काही घरांनी तर इस्पितळाच्या वहीत खोटा पत्ता लिहून दिला. त्यांना पाषाणहृदयी म्हणणे सोपे आहे. पण ज्या समाजात एका मुलाच्या आजाराने दोन बहिणींची लग्ने अडतात, त्या समाजाने त्या खोट्या पत्त्यातील काही अक्षरे स्वतःच्या हाताने लिहिली, असे म्हणावे लागेल.

भिंतीला पहिले खिंडार पडले ते दोन बाजूंनी. एक बाजू औषधाची. उन्माद आणि विषाद ही एकाच रोगाची दोन तोंडे आहेत, हे पॅरिसमध्ये फालरे आणि बायार्जे ह्या दोन वैद्यांनी १८५४ साली, एकमेकांशी भांडत भांडत, मांडले. जर्मनीत क्रेपेलिनने १८९९ साली त्या रोगाला पक्की चौकट दिली. पण नाव मिळाले म्हणून उपाय मिळत नाही. तो मिळाला १९४९ साली, ऑस्ट्रेलियातील जॉन केड नावाच्या डॉक्टरला. लिथियम हा मिठाच्याच गोत्रातील एक क्षार. त्याने उन्मादाचा जोर ओसरतो, असे त्याने दाखवून दिले. आज दुसरीही औषधे आहेत, तरी हा क्षार अजून मानाने वापरला जातो. मात्र तो वरचेवर रक्त तपासून, मूत्रपिंडाकडे आणि गळ्यातील थायरॉइड ग्रंथीकडे लक्ष ठेवून, डॉक्टरांच्या सांगण्यानेच घ्यावयाचा असतो. ‘आता बरे वाटते’ म्हणून गोळ्या खिडकीबाहेर टाकणे, हे ह्या रोगातील नेहमीचे संकट होय.

दुसरी बाजू माणसांची, आणि ह्या लेखापुरती तीच अधिक महत्त्वाची. मुंबईत जे. जे. रुग्णालयात १९३८ साली आणि के. ई. एम. रुग्णालयात १९४७ साली मनोविकारांचे विभाग उघडले. ताप-खोकल्याच्या रोग्यांच्या रांगेतच मनाचा रोगीही उभा राहू लागला, आणि त्याच्या शेजारी त्याची आई. पण खरे धाडस झाले ते पंजाबात. १९५० नंतरच्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्या सागर ह्यांच्यापुढे रोग्यांची दाटी झाली होती. त्यांनी लष्कराकडून तंबू मिळविले, ते इस्पितळाच्या आवारात ठोकले आणि रोग्यांच्या नातेवाइकांना तेथेच मुक्कामाला बोलाविले. आई स्वयंपाक करी, बाप मुलाला फिरवून आणी, संध्याकाळी डॉक्टर सर्वांना जमवून रोगाविषयी साध्या भाषेत सांगत. रोगी लवकर सुधारू लागले. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ते परत घरी नेले जाऊ लागले, कारण घर कधी तुटलेच नव्हते. पुढे १९५७ पासून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनेही रोग्याबरोबर घरच्यांना ठेवून घेण्याची पद्धत बसविली. पाश्चात्त्य देशांतून आलेली भिंत भारताने अशी तंबूने ओलांडली.

ह्यावर शास्त्राची मोहोरही पुढे उमटली. घरात रोग्यावर सतत टीका होत असेल, किंवा काळजीने त्याला क्षणभरही मोकळे सोडले जात नसेल, तर रोग लवकर उलटतो, असे इंग्लंडमधील अभ्यासांत दिसले होते. १९८७ साली चंडीगडच्या डॉ. विग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्किझोफ्रेनियाच्या रोग्यांची कुटुंबे पाहिली, तेव्हा असे तापलेले वातावरण लंडनच्या मानाने येथे कितीतरी कमी आढळले. १९८८ साली अमेरिकेत मिक्लोविट्झ आणि सहकाऱ्यांनी बायपोलर विकारातही घरच्या वातावरणाचा रोग उलटण्याशी संबंध दाखविला. येथे मात्र सावध राहिले पाहिजे. ‘घरातली टीका वाईट’ हे वाक्य हाती आले की जुना दोषारोप नव्या कपड्यांत परत येतो. वातावरणाने रोग जन्मत नाही. रोग असताना वातावरण निवळले तर औषधाला मदत होते, एवढाच ह्याचा अर्थ. मधुमेह्याच्या बायकोने पंगतीत त्याच्या पानावर जिलबी वाढू नये, ह्यात तिने मधुमेह केला असा आरोप नसतो.

महाराष्ट्रातही ह्या वाटेने पुष्कळ काम झाले. ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी ह्यांनी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था काढली. कॅनडातील कॅलगरी येथे संख्याशास्त्र शिकविणारे मराठी प्राध्यापक डॉ. जगन्नाथ वाणी ह्यांच्या पुढाकाराने पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली. आपल्या भाषेच्या दृष्टीने तिच्या कामातील एक गोष्ट मोलाची आहे. तेथे रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि त्याची देखभाल करणाऱ्या नातलगाला ‘शुभंकर’ म्हणतात. शब्दांनी रोग जात नाही हे खरे. पण ज्या भाषेत इतकी वर्षे ‘वेड्याचा बाप’ एवढाच शब्द होता, तिला त्या बापासाठी एक मानाचा शब्द मिळाला, ही लहान गोष्ट नव्हे.

आणि शेवटी कायदाही वळला. २०१७ साली संसदेने संमत केलेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात अल्पवयीन मुलांसाठी एक स्वतंत्र कलम आहे. मुलाला दाखल करण्यापूर्वी दोन तज्ज्ञांनी त्याला स्वतंत्रपणे तपासले पाहिजे. मोठ्या रोग्यांपासून त्याला वेगळे ठेवले पाहिजे. आणि आईबापांनी किंवा पालकाने, अथवा त्यांनी नेमलेल्या माणसाने, मूल आत असेपर्यंत सर्व काळ त्याच्यापाशी राहिलेच पाहिजे. मुलगी असून पालक पुरुष असेल तर सोबतीला बाई हवी. १८५८ च्या कायद्याने जिला फाटकाबाहेर उभे केले, तिला ह्या कायद्याने पुन्हा मुलाच्या उशाशी जागा दिली. अहिल्याबाईंनी १७६७ साली जे केले, ते आज कायद्याने पालकाचे कर्तव्य ठरले आहे. फरक एवढाच, की आता तिच्याबरोबर डॉक्टरही असतात.

मालेरावानंतर अहिल्याबाईंचे काय झाले हे आपण जाणतो. दौलतीवर दत्तक बसवून त्यांना बाजूला सारण्याचा दिवाण गंगाधरपंत चंद्रचूड ह्यांचा डाव त्यांनी मोडला, राघोबादादांना बाणेदार उत्तर पाठविले, तुकोजी होळकरांना सेनेचा कारभार दिला, आणि १३ ऑगस्ट १७९५ रोजी देह ठेवीपर्यंत राज्य केले. पुष्कळांना वाटते की त्या दुःख विसरल्या म्हणून एवढे करू शकल्या. तसे मानण्याचे कारण नाही. १७९१ साली मुक्ताबाई सती निघाली तेव्हा ह्याच आईने तिच्या पाया पडून विनविले, आणि चितेपाशी त्यांचा धीर सुटला, असे माल्कमच लिहितो. त्या कठोर नव्हत्या. आजारी मुलामागे त्यांनी स्वतःला पुरून घेतले नाही, आणि जगाच्या बोलण्याला उत्तर देण्यात आयुष्यही घालविले नाही. मुलाचा आजार हा आपल्या आयुष्याचा एकमेव निकाल नव्हे, हे आजच्या आईबापांनीही त्यांच्याकडून घेण्यासारखे आहे.

दिवाळीपुरते दोन शब्द व्यवहाराचे. बायपोलर विकारात झोप मोडणे हे उन्मादाला मोठे निमंत्रण असते. नरकचतुर्दशीचे पहाटेचे अभ्यंगस्नान, रात्री उशिरापर्यंतचे फटाके, पाहुण्यांची वर्दळ, ह्यांत त्या मुलाची झोप आणि गोळ्यांची वेळ सांभाळली तर सण सुखात पार पडतो. त्याने पहाटे न उठता आठ वाजता उटणे लावले म्हणून नरकासुर काही जिवंत होत नाही. मुलगा एकदम रात्र रात्र जागू लागला, पैसे उधळू लागला, किंवा उलट जिवावर उदार झाल्यासारखे बोलू लागला, तर सण संपण्याची वाट न पाहता डॉक्टर गाठावा. सरकारची ‘टेली मानस’ ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून चालू आहे. १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते.

आणि हे दोन शब्द शेजाऱ्यांसाठी. तुमच्या वाडीत, तुमच्या जिन्यावर असे एखादे अर्धे लोटलेले दार असेल, तर फराळाचे ताट तेथेही पोचते करा. मुलाची चौकशी करा, जशी विषमज्वरातून उठलेल्याची करतो तशी. कोणाच्या कडचे, कोणत्या ग्रहाचे, कोणाच्या लाडाने, हे विचारू नका. त्याच्या आईला एवढेच विचारा की, “वहिनी, तुम्ही जेवलात का?”